जुन्या घरांचे माळे आणि छपरे : हवा खेळती ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उतरत्या छपरांच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत ‘छप्पर’ म्हणजे कौले, पत्रे किंवा दगडी पाट्यांचे बाहेरचे आवरण, ‘छत’ म्हणजे खोलीत उभे राहून वर पाहिल्यावर दिसणारी तक्तपोशी किंवा गिलावा, आणि ‘माळा’ म्हणजे या दोहोंमधली पोकळी, असे समजावे.

१. माळ्यावर कोणी राहत नाही, मग तिथे हवा खेळती कशाला हवी?

माळ्यावर माणसे नसली तरी घरातले बाष्प आणि छपरावर पडलेल्या उन्हाची उष्णता तेथे पोहोचतेच, आणि बाहेर पडायला वाट नसेल तर तेथेच साठते. २० अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते. तीच हवा शून्य अंशापर्यंत थंडावली तर तिच्यात पाच ग्रॅमही मावत नाही. उरलेले बाष्प पाणी होऊन सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे छपराच्या आतल्या बाजूवर, खिळ्यांच्या टोकांवर आणि वाशांवर जमते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले तर ते कुजण्याचा धोका सुरू होतो. छपराचा सांगाडा हा घराचा असा भाग आहे की जो बिघडत असताना कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि म्हणूनच त्याची काळजी आधीपासून घ्यावी लागते.

२. आमचे घर जुने आहे आणि इतकी वर्षे काहीच झाले नाही. आताच ओल का दिसू लागली?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर घराच्या वयात नसून घरावर झालेल्या अलीकडच्या कामांत असते. जुन्या छपरांत कौले किंवा पाट्या थेट रिपांवर ठेवलेल्या असत. त्यांच्यामधल्या असंख्य बारीक फटींतून हवा सतत आत-बाहेर जात असे, त्यामुळे झड आत आली तरी उघडीप मिळताच लाकूड वाळत असे. म्हणजे हवेसाठी वेगळे झरोके नसले तरी संपूर्ण छप्परच झरोक्याचे काम करत होते.

पुढे दुरुस्तीच्या वेळी रिपांखाली जलरोधक कापड किंवा फळ्यांचा सलग थर टाकला जातो, कौलांच्या जागी पत्रे येतात, आढ्यावरची कौले सिमेंटने पक्की केली जातात, वळचणीच्या फटी उंदीर येऊ नयेत म्हणून बुजवल्या जातात. यातले प्रत्येक काम स्वतंत्रपणे योग्यच असते, पण त्या सर्वांनी मिळून छपराचा श्वास बंद केलेला असतो. त्याच काळात घरात गरम पाण्याची न्हाणीघरे, कपडे वाळवण्याची यंत्रे आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्याही आलेल्या असतात, म्हणजे बाष्प वाढलेले असते आणि खालून बाहेर पडण्याच्या वाटाही कमी झालेल्या असतात. म्हणून नवे काही बसवण्याआधी गेल्या दहा-वीस वर्षांत छपरावर, छतावर आणि खिडक्यांवर कोणकोणती कामे झाली याची यादी करावी. ओल कोठून सुरू झाली असावी, याचा अंदाज बहुधा त्या यादीतूनच येतो.

३. हवा कमी पडते आहे की छप्पर गळते आहे, हे कसे ओळखावे?

गळतीचा डाग एका जागी असतो, त्याला कडा असतात आणि तो पावसानंतर वाढतो. दवाची ओल पसरलेली असते: खिळ्यांची टोके एकसारखी गंजलेली, फळ्यांच्या आतल्या बाजूवर काळपट बुरशीचे ठिपके, उष्णतारोधक थराचा वरचा भाग दमट आणि खालचा कोरडा. थंडीच्या दिवसांत पहाटे माळ्यावर गेल्यास दवाचे थेंब प्रत्यक्ष दिसू शकतात. कुबट वास दोन्हींत येतो, त्यामुळे केवळ वासावरून निष्कर्ष काढू नये.

मोजमाप करायचे असेल तर माळ्यावर तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे साधे उपकरण काही आठवडे ठेवावे आणि तसेच दुसरे बाहेर सावलीत ठेवावे. माळ्यावरील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि हवेतील प्रत्यक्ष बाष्प बाहेरच्यापेक्षा सातत्याने जास्त असेल, तर ते बाष्प घरातून येत आहे असे समजावे. लाकडात दोन सुया रोवून ओलावा मोजणारे उपकरणही उपयोगी पडते. त्याचे मोजमाप वळचणीजवळ, आढ्याजवळ आणि न्हाणीघराच्या वर अशा निरनिराळ्या ठिकाणी घ्यावे.

४. आधी झरोके वाढवावेत की आधी छताच्या फटी बुजवाव्यात?

आधी फटी, आणि याबाबत आमचे मत ठाम आहे. घरातली उबदार हवा हलकी असल्याने वर चढते आणि छतातल्या प्रत्येक भोकातून माळ्यात शिरते. दिव्यांच्या खोबणी, विजेच्या नळ्या, पाण्याचे पाइप, माळ्याचे झाकण, तक्तपोशीच्या सुट्या फळ्या आणि भिंतींच्या आतून वर आलेल्या पोकळ्या या तिच्या नेहमीच्या वाटा होत. हवेच्या प्रवाहाबरोबर जाणारे बाष्प हे गिलाव्यातून हळूहळू झिरपणाऱ्या बाष्पाच्या कितीतरी पट असते. खालून भरती चालू ठेवून वर झरोके वाढवल्यास काही वेळा उलटाच परिणाम होतो, कारण आढ्याकडची वाट मोठी झाली की ती घरातली हवा अधिक जोराने ओढू लागते.

फटी शोधण्यासाठी वारा असलेल्या दिवशी किंवा घरातले हवा बाहेर फेकणारे पंखे चालू ठेवून, पेटवलेली उदबत्ती छताच्या सांध्यांजवळून फिरवावी. धूर जेथे वर ओढला जातो किंवा खाली ढकलला जातो तेथे फट आहे. हे खोलीतूनच करावे, माळ्यावर जाळ किंवा निखारा नेऊ नये. माळ्याच्या झाकणाच्या कडेला रबरी पट्टी लावणे हे सर्वांत सोपे काम आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या घरांत तेच राहून गेलेले असते. धुराड्याभोवतीची फट मात्र ज्वलनशील फेसाने भरू नये. तेथे पत्र्याची पट्टी आणि उष्णता सहन करणारे भरण लागते.

५. झरोके एकूण किती मोठे असावेत?

सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा असा आहे की हवेसाठी प्रत्यक्ष मोकळे असलेले क्षेत्रफळ माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान तीनशेव्या भागाइतके असावे, आणि त्यातले निम्मे किंवा थोडे अधिक खाली वळचणीकडे व उरलेले वर आढ्याजवळ असावे. अशी वाटणी शक्य नसेल तर दीडशेवा भाग धरावा. तीनशेव्या भागाचे प्रमाण १९४२ साली अमेरिकेतील सरकारी गृहबांधणीच्या किमान निकषांत आले आणि तेथून अनेक नियमावल्यांत पसरले. त्याला सुरुवातीचा अंदाज मानावे. प्रत्येक हवामानाला आणि प्रत्येक छपराला ते नेमके लागू पडेल असे नाही.

उदाहरणार्थ, ९ मीटर × १० मीटर माळ्याचे क्षेत्रफळ ९० चौरस मीटर होते. त्याचा तीनशेवा भाग ०.३ चौरस मीटर, म्हणजे ३,००० चौरस सेंटिमीटर. त्यातले १,५०० वळचणीला आणि १,५०० आढ्याला. दोन्ही बाजूंची वळचण मिळून २० मीटर लांब असेल तर सलग साडेसात मिलिमीटरची मोकळी फट पुरते. ऐकायला ही फट अगदी लहान वाटते, पण ती खरोखर मोकळी असली पाहिजे. जाळी, आडव्या पट्ट्या आणि रंगाचे थर यांमुळे झरोक्याचे बाहेरून दिसणारे माप फसवे ठरते. लाकडी तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्यात प्रत्यक्ष मोकळी जागा एकूण मापाच्या चौथाईइतकीच असू शकते. म्हणून विकत घेताना बाहेरचे माप न पाहता निव्वळ मोकळे क्षेत्र किती आहे ते पाहावे.

६. झरोका वळचणीला, आढ्यावर की त्रिकोणी भिंतीत?

हवा हलण्यासाठी खालून आत येण्याची आणि वरून बाहेर जाण्याची, अशा दोन वाटा लागतात. उबदार हवेच्या उचलीचा जोर फारच थोडा असतो: दोन मीटर उंचीच्या माळ्यात आत-बाहेर २० अंशांचा फरक असला तरी मिळणारा दाब सुमारे दीड पास्कल, म्हणजे पाण्याच्या मिलिमीटरभर उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढाच असतो. त्यामुळे दोन्ही टोकांमधले उभे अंतर जितके जास्त तितके चांगले, आणि वाटेत अडथळा जितका कमी तितके चांगले. वळचणीला सलग फट आणि आढ्यावर सलग झरोका ही जोडी या कारणाने सर्वांत भरवशाची आहे.

त्रिकोणी भिंतींतील झरोके जुन्या घरांत नेहमी आढळतात. वारा एका भिंतीकडून दुसरीकडे वाहत असेल तेव्हा ते चांगले काम करतात, परंतु वळचणीजवळचे कोपरे त्यांच्या वाटेत येत नाहीत आणि ओल नेमकी तेथेच राहते. ते शोभेचे किंवा मूळ बांधणीचा भाग असतील तर काढू नयेत. मात्र आढ्यावर नवा झरोका केल्यावर त्रिकोणी भिंतीतला वरचा झरोका आतून झाकणे बहुधा बरे, कारण अन्यथा हवा या दोन उंच जागांमध्येच फिरत राहते आणि वळचणीकडून ओढली जात नाही. चारही बाजूंना उतार असलेल्या छपराला आढे आखूडच असते, त्यामुळे तेथे आढ्याच्या लगत उतारावर छोटे स्वतंत्र झरोके घ्यावे लागतात.

आढ्यावर फट कापताना आढ्याच्या तुळईला हात लावू नये. फट तिच्या दोन्ही बाजूंना, फक्त आच्छादनात घ्यावी आणि दोन्ही टोकांना काही अंतर तशीच सोडावी.

७. वळचणीला जाळ्या आहेत, तरी हवा येत नाही. असे का?

बाहेरून जाळी आणि आतून बंद, असे फार वेळा आढळते. एक तर उष्णतारोधक थर टाकताना तो वळचणीच्या कोपऱ्यात कोंबलेला असतो, नाही तर जुन्या फळीवर नुसती जाळी ठोकलेली असते आणि तिच्यामागे भोक पाडलेलेच नसते. दिवसा माळ्यावरचा दिवा बंद करून वळचणीकडे पाहावे. उजेडाची रेघ दिसली तर वाट मोकळी आहे. नसेल तर प्रत्येक दोन वाशांमध्ये कडक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पन्हळीसारखा तुकडा बसवून छपराखाली किमान २५ मिलिमीटरची वाट राखावी आणि मग थर त्याच्यापर्यंत आणावा. थर मागे ओढून कोपरा उघडा ठेवू नये, कारण तेथे छत थंड पडते आणि खोलीच्या बाजूने बुरशी धरते.

८. न्हाणीघराच्या पंख्याची हवा माळ्यातच सोडली तर चालेल का?

नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपडे वाळवण्याचे यंत्र यांची हवा नळीतून थेट घराबाहेर गेली पाहिजे. नळीचे तोंड वळचणीच्या जाळीजवळही ठेवू नये, कारण तीच ओली हवा पुन्हा आत ओढली जाते. थंड माळ्यातून जाणाऱ्या नळीला उष्णतारोधक आवरण घालावे आणि तिला बाहेरच्या दिशेने किंचित उतार द्यावा.

९. माळ्यावर विजेचा हवा फेकणारा पंखा बसवला तर काम लवकर होईल ना?

पंखा हवा फेकतो हे खरे, पण ती कोठून ओढतो हा खरा प्रश्न आहे. वळचणीच्या वाटा अपुऱ्या असतील तर तो छताच्या फटींतून घरातली हवा ओढतो, म्हणजे ज्या हवेला गार किंवा गरम करण्यासाठी वीज खर्च झाली तीच बाहेर जाते. याहून गंभीर धोका असा की घरात गॅसवर चालणारे, धुराड्याला जोडलेले पाणी तापवण्याचे उपकरण किंवा शेगडी असेल तर पंख्याच्या ओढीने धूर उलट फिरून खोलीत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. अशा घरांत प्रश्न ४ मधले काम पूर्ण केल्याशिवाय पंख्याचा विचार करू नये. सौरऊर्जेवर चालणाऱ्या पंख्यालाही हेच लागू आहे. शिवाय तो रात्री, म्हणजे दव पडण्याच्या वेळी, बंद असतो.

१०. वाऱ्यावर फिरणारे गोल झरोके कसे असतात?

वारा असेल तेव्हा चांगले. वारा नसेल तेव्हा ते साध्या भोकाइतकेच काम करतात, आणि वळचणीची वाट त्यांनाही लागतेच.

११. हवा खेळती केल्यावर उन्हाळ्यात खालच्या खोल्या किती गार होतील?

लोकांना वाटते त्यापेक्षा कमी, आणि हे आधीच सांगितलेले बरे. कडक उन्हात बंद माळ्याचे तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकते आणि झरोक्यांनी ते बरेच उतरते. परंतु तापलेल्या छपराकडून छताकडे येणारी उष्णता मुख्यतः किरणांच्या रूपात येते आणि हलत्या हवेने किरण अडत नाहीत. खोल्या गार करायच्या असतील तर छतावर उष्णतारोधक थर, वाशांच्या खालच्या बाजूला चकचकीत अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि छपराला फिकट रंग यांचा उपयोग अधिक होतो. असा चकचकीत पत्रा त्याच्याकडे उघडी हवेची पोकळी असेल तरच काम करतो; जमिनीवर अंथरल्यास त्यावर धूळ बसून त्याचा गुण काही काळात कमी होतो, म्हणून तो वाशांना खालून लावावा. झरोक्यांचे मुख्य काम लाकूड कोरडे ठेवणे हे आहे, आणि तेवढ्यासाठीही ते करण्याजोगे आहे.

१२. पावसाळी, दमट हवामानात बाहेरचीच हवा ओली असते. मग झरोके बंद ठेवावेत का?

सतत पाऊस असताना बाहेरच्या हवेने माळा फारसा वाळत नाही, हे बरोबर आहे. तरीही झरोके बंद करण्याची शिफारस आम्ही सहसा करत नाही, कारण उघडीप मिळते तेव्हा तेच लाकूड वाळवतात आणि बंद केलेले झरोके पुन्हा उघडायचे राहून जातात. झड आत येऊ नये म्हणून झरोक्यावर पुरेसे पुढे आलेले झाकण आणि खाली वळलेल्या पट्ट्या असाव्यात.

याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे वातानुकूलित खोल्या असलेले घर. तेथे बाहेरून आलेली उबदार, दमट हवा थंड नळ्यांवर आणि छताच्या वरच्या बाजूवर पाणी सोडते. तेथे नळ्यांचे सांधे आणि आवरण हवाबंद करावे, खोल्यांचे तापमान फार खाली ठेवू नये, आणि बाष्परोधक पापुद्रा छताच्या खोलीकडील बाजूला लावू नये. थंड हवामानात ज्या बाजूला तो योग्य, ती बाजू उष्ण व दमट हवामानात चुकीची ठरते. एवढ्याने भागले नाही तर प्रश्न १८ पाहावा.

१३. पाऊस नसताना पत्र्याच्या छपरातून पहाटे थेंब पडतात. पत्रा तर कोठेच फुटलेला नाही.

निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या बाजूला दव धरतो. येथे केवळ हवा वाढवून पूर्ण सुटका होत नाही, कारण दव बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचेही असते. पत्र्याखाली उष्णतारोधक थर लावणे, किंवा पत्रा बदलताना त्याखाली जलरोधक कापड घालून थेंब पन्हळीकडे वळवणे, हा टिकाऊ उपाय आहे.

१४. बर्फ पडणाऱ्या भागात वळचणीला बर्फाचे बांध तयार होतात. त्यावर झरोक्यांचा उपयोग होतो का?

होतो, पण दुय्यम. घरातून निसटलेल्या उष्णतेने छपराच्या वरच्या भागातला बर्फ वितळतो, ते पाणी थंड वळचणीवर पुन्हा गोठते आणि मागे साठलेले पाणी कौलांखाली शिरते. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे उष्णतेची गळती थांबवणे हा मूळ इलाज. छपराखालून वाहणारी थंड हवा उरलेली उष्णता वाहून नेते.

१५. तक्तपोशी थेट वाशांना ठोकलेली आहे, मध्ये माळाच नाही. तेथे काय करावे?

अशा छपरात दोन वाशांमधली प्रत्येक पोकळी हा स्वतंत्र माळा असतो आणि प्रत्येकीला स्वतःची खालची व वरची वाट लागते. उष्णतारोधक थर आणि छपराचे आच्छादन यांमध्ये ५० मिलिमीटर सलग मोकळी जागा ठेवावी. छपरातली खिडकी, धुराडे किंवा दोन पाख्यांमधली पन्हळ जेथे वाट अडवते तेथे शेजारच्या पोकळीत हवा जाण्यासाठी वाशांवर आडव्या रिपा मारून वाट जोडावी. वाशांना मोठी भोके पाडू नयेत. जुने वासे अनेकदा इतके बारीक असतात की थर आणि पोकळी दोन्ही मावत नाहीत. तेव्हा थराचा काही भाग वाशांच्या खाली आणावा, पोकळीतून कापू नये.

१६. झरोक्यांतून पाखरे, वटवाघळे आणि गांधीलमाश्या येतात. बारीक जाळी लावावी का?

जाळी लावावी, पण अतिशय बारीक नको. सुमारे १.६ ते ६ मिलिमीटर डोळ्यांची गंजरोधक जाळी प्रचलित आहे. त्याहून बारीक जाळी धूळ आणि कोळिष्टकांनी बुजते, म्हणून वर्षातून एकदा ती ब्रशने साफ करावी. वणव्याचा धोका असलेल्या भागात ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून सुमारे ३ मिलिमीटरची धातूची जाळी लागते, प्लास्टिकची चालत नाही. वटवाघळे वस्तीला असतील तर पिल्ले उडू लागेपर्यंत वाट बंद करू नये. अनेक देशांत त्यांना कायद्याचे संरक्षणही आहे.

१७. काम सुरू करण्यापूर्वी जुन्या माळ्यावर कोणत्या धोक्यांकडे पाहावे?

नालीदार सिमेंटचे जुने पत्रे, पाइपांभोवतीची जुनी वेष्टणे आणि खड्यांसारखे सुटे चकचकीत भरण यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. त्यांना कापू, घासू किंवा झाडू नये. नमुन्याची तपासणी होईपर्यंत काम थांबवावे. चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या उघड्या तारा असतील तर त्या थराखाली गाडू नयेत, कारण त्या थंड राहण्यासाठी मोकळी हवा लागते. वळचणीच्या फळ्यांवरील जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून कोरडे घासणे टाळावे. पाय नेहमी तुळयांवरच ठेवावा; दोन तुळयांमधला गिलावा माणसाचे वजन पेलत नाही. घर वारसा म्हणून नोंदलेले असेल तर आढ्याला किंवा दर्शनी वळचणीला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

१८. सर्व झरोके बुजवून माळा पूर्ण बंद करण्याचा सल्ला मिळाला आहे. तो चुकीचा आहे का?

तत्त्वतः चुकीचा नाही. उष्णतारोधक थर छताऐवजी छपराच्या उताराला चिकटवून माळा घराच्या आतच घेतला तर झरोके बंद करावेच लागतात. अर्धे उघडे आणि अर्धे बंद असे चालत नाही. वातानुकूलनाच्या नळ्या माळ्यावर असतील किंवा प्रश्न १५ मधल्यासारखी अडचण असेल तेथे हा मार्ग विचारात घेण्यासारखा आहे. जुन्या घरांत मात्र त्याची किंमत मोठी असते: फवारलेला फेस लाकडाला चिकटून बसतो, त्यामागे गळती झाली तरी ती उशिरा कळते, आणि पुढे कौले उतरवून दुरुस्ती करणे अवघड होते. ज्या छपराची गळती पूर्ण थांबलेली नाही तेथे हे काम करू नये.

१९. काम झाल्यावर उपयोग झाला की नाही, हे केव्हा आणि कसे कळेल?

प्रश्न ३ मध्ये सांगितलेली मोजमापे त्याच जागी आणि शक्यतो त्याच ऋतूत पुन्हा घ्यावीत. वेगळ्या ऋतूतल्या आकड्यांची तुलना दिशाभूल करते. आधीच भिजलेले जाड लाकूड वाळायला अनेक महिने लागतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत वाशांचे आकडे उतरले नाहीत म्हणून आणखी भोके पाडू नयेत. जुन्या डागांभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. एक थंड आणि एक पावसाळी ऋतू उलटल्यावरही डाग रेषेबाहेर गेला नसेल आणि लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली स्थिर असेल, तर काम साधले. डाग एकाच जागी वाढत असेल तर झरोक्यांचा विषय बाजूला ठेवून त्या जागेच्या वरचे कौल, पन्हळ किंवा धुराड्याचा सांधा तपासावा.